मोंबासाला निघालो, ठाण्याला राहिलो

डोंबिवली स्टेशनच्या फलाटावर त्या सकाळी मला निरोप द्यायला दहा हजार माणसं आली होती. तेव्हा गावाची वस्तीच तेवढी नव्हती, असं कोणी म्हणेल. नसेल. उरलेली ठाकुर्लीहून आणि कोपरहून मागवली असतील. गळ्यात एवढे हार पडले की माझं नाक तेवढं बाहेर राहिलं, आणि तेही श्वास घेण्यापुरतं. गार्ड हिरवं निशाण गुंडाळून उभा होता, कारण वाचनालयाचे चिटणीस भाषण करत होते आणि भाषणात आफ्रिका खंड अजून यायचा होता. आईनं हातावर दही घातलं. धाकटी बहीण शालू रडत होती. तिच्याशेजारी कल्याणच्या विहीणबाई उभ्या होत्या, शालूच्या होणाऱ्या सासूबाई. टाचा उंचावून त्या हारांच्या फटीतून मला शोधत होत्या.

तुम्ही जे डोंबिवलीतच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे बोटीत बसून कुठल्याकुठे जाऊन पडलात, दोघांसाठीही हे लिहितोय. राहिलेल्यांना वाटतं, गेलेला माणूस एकदाच जातो. गेलेल्यांना ठाऊक असतं की पहिल्यांदा जाणं सोपं असतं. पहिल्या खेपेला मला पोचवायला वडील, म्हणजे अण्णा, आणि एक हमाल एवढेच होते, आणि हमालाचीही घाई चाललेली. ही दुसरी खेप. मोंबासात तीन वर्षं काढून मी सुट्टीवर आलेलो, आणि त्या सुट्टीत गावाला सिंहाच्या एवढ्या गोष्टी सांगितल्या होत्या की आमच्या आळीतली पोरं संध्याकाळी विहिरीकडे जायला घाबरत. खरं सांगायचं तर मोंबासा शहरात सिंह नसतो. कावळे असतात. आपल्यासारखेच, हिंदुस्थानातून गेलेले, आणि त्यांना तिथं राहायला कुठलाही पास लागत नाही.

मला लागत होता. मी नकाशे काढणारा, म्हणजे इमारतींचे. कर्तारसिंग नावाच्या सरदारजी कंत्राटदारानं मला तिकडे नेलेलं. पास मिळाला तो त्याच्या नावावर. त्याची नोकरी आहे तोवर मी मोंबासाचा, नोकरी सुटली की मी कुणाचाच नाही. तीन वर्षं त्याच्याकडे खपलो, आणि मग एका इंग्रज आर्किटेक्टनं माझा एक नकाशा पाहिला. "हा कोणी काढला?" म्हणाला. तो मीच काढलेला, पण त्या दिवशी बोलण्याच्या ओघात गावातल्या इतर सातआठ इमारतीही मीच काढल्या. साहेबानं मला उचललं. कर्तारसिंगाचं काम अर्धवट होतं. तो एवढंच म्हणाला, "जा भाई, जा." मी गेलो.

साहेब हुशार. म्हणाला, तू सुट्टीवर जाऊन ये, तोवर तुझा नवा पास माझ्या नावानं काढून घरच्या पत्त्यावर पाठवतो. तो हातात पडल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नकोस. पासपोर्टावर जुन्या नोकरीचा परतीचा शिक्का होता, त्याची मुदतही होती. मी मनात म्हटलं, शिक्का तो शिक्का.

आता आमचे अण्णा. एका शाळेत सगळी हयात गणित शिकवलेले, आणि पंचांगाशिवाय केसही न कापणारे. त्यांनी बघितलं तर बोटीच्या दिवशी दिशाशूळ. त्याच्या आदल्या दिवशी चंद्रबळ नाही. मागेपुढे अमावास्या. मोंबासा हे कुठल्या दिशेला धरायचं यावर त्यांचा आणि भटजींचा दोन दिवस वाद झाला, कारण पोथीत आफ्रिका नाही. शेवटी चांगला मुहूर्त निघाला तो बोटीच्या चार दिवस आधीचा. मग त्या मुहूर्तावर माझं प्रस्थान ठेवायचं ठरलं.

तुमच्या मुलांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगतो. माणूस त्या दिवशी निघू शकत नसेल तर त्याचं सामान निघतं. उपरण्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधायचं, आणि जायचं त्या दिशेला दुसऱ्या कोणाच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे मुहूर्ताला तुम्ही निघालात. मागाहून देह निघतो आणि वाटेत गाठोडं उचलतो. माझं गाठोडं ठाण्याला गेलं, आईचे मावसभाऊ दामूमामा यांच्याकडे. ते तळ्याच्या मागं एका चाळीत राहायचे, दोन खोल्यांत. नवा पास तोवर आलेला नव्हता. अण्णा म्हणाले, "येईल. मुहूर्त थांबत नाही." आणि दुसरं एक म्हणाले, जे ते नेहमीच म्हणत, "एकदा उंबरा ओलांडला की काम झाल्याखेरीज परत फिरायचं नाही."

बंदरावर अण्णा आणि दामूमामा आलेले. कंपनीच्या खिडकीत एक शांत स्वभावाचा कारकून होता. त्यानं पासपोर्ट उघडला, शिक्का पाहिला, मुदत पाहिली, आणि ठप्पा उचलला. बस, उचललेला ठप्पा खाली यायचा होता. मी गप्प बसायचं होतं. आयुष्यात एकदाच, अर्धा मिनिट.

तो आपला सहज म्हणाला, "कर्तारसिंगकडे परत का?"

मी म्हटलं, "छे! ती नोकरी सोडली केव्हाच. आता मी एका इंग्रज आर्किटेक्टकडे. मोठं ऑफिस. टेबलावर पंखा."

ठप्पा हवेतच राहिला. मग त्यानं तो हळूच गादीवर परत ठेवला. मला वाटलं, पंख्याचा परिणाम झाला. तो म्हणाला, "मग हा पास मेला. नवा आणा. असं नेलं तर तिकडे तुम्हाला उतरवून घेणार नाहीत, आणि आमच्या खर्चानं परत आणावं लागेल."

मी भांडलो. मोंबासाचा गव्हर्नर माझ्या ओळखीचा आहे, असंही बहुधा म्हणालो. बोटीनं भोंगा दिला तेव्हा मी ट्रंकेवर बसलो होतो, गळ्यात डोंबिवलीचे हार, कोमेजलेले. अण्णा समुद्राकडे पाहत होते. बोट वळून दिसेनाशी झाली तेव्हा ते म्हणाले, "घरी यायचं नाही. दामूकडे जा. गाठोडं परत तिथंच ठेव."

"आईला काय सांगाल?"

अण्णांनी ट्रंकेचं एक टोक उचललं. ते आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, आणि त्या दिवशीही बोलले नाहीत. घरी गेल्यावर आईनं विचारलं तेव्हा ते फक्त "गेला" म्हणाले. आणि पाय धुवायला गेले.

मी घरी न जाण्याचं मुहूर्त हे अर्धं कारण. बाकी अर्धं होतं शालूचं लग्न. कल्याणच्या मंडळींनी मुलगी पसंत केली होती ती केली होतीच, पण बैठकीत "थोरले बंधू आफ्रिकेत असतात" हे वाक्य त्यांनीच दोनदा म्हटलेलं. साखरपुडा झालेला, लग्न पंधरा-वीस दिवसांवर. थोरले बंधू एवढे हार घालून गेले आणि संध्याकाळी ट्रंक घेऊन परत आले, हे कल्याणला कळलं असतं तर? मोडलंच असतं असं नाही. पण आमच्या घराकडे बघण्याची नजर बदलली असती, आणि त्या नजरेखाली शालूला आयुष्य काढायचं होतं. माझी नोकरी राहते की जाते, आणि शालू त्या घरात कुठल्या तोंडानं पाऊल टाकते, हे दोन्ही त्या न आलेल्या कागदाला टांगलेलं होतं.

ठाण्यात मी स्थायिक झालो. हसू नका. देशांतर म्हणाल तर मला ते तिथं जास्त कळलं. मोंबासात गेलो तेव्हा निदान मी कोण आहे हे मला सांगता येत होतं. ठाण्यात मी नागपूरचा होतो. ही युक्ती मामीची. "माणूस ठाण्यात आणून ठेवलाय म्हटलं की लोक आधी वेड्यांच्या इस्पितळाचं नाव घेतात," ती म्हणाली. "त्यापेक्षा नागपूरचा भाचा बरा." मिशी उतरवली. सूट ट्रंकेत गेला. मामांचे सदरे मला पोटावर सैल आणि हातांत आखूड. स्वयंपाकघराच्या दाराशी माझी खाट होती, तिला मामीनं मोंबासा नाव दिलं. सकाळी परातीवर उलथनं वाजवून विचारायची, "काय हो मोंबासाकर, उठताय ना? तुमची बोट धक्क्याला लागली, चहा गार झाला."

"मामी, हळू. भिंतीला कान आहेत."

"भिंतीला कान नाहीत रे, पलीकडे पेन्शनर आहेत. त्यांना ऐकू येत नाही, पण समजतं सगळं."

आणि माझी खरी शिक्षा इथं होती. पोटात आफ्रिका घेऊन बसलेला माणूस, आणि आफ्रिकेबद्दल अक्षर काढायचं नाही! संध्याकाळी चाळीच्या ओट्यावर माणसं बसत. कोणी म्हणे, काल येऊरच्या बाजूला वाघ दिसला. माझ्या तोंडात सिंह येऊन उभा राहायचा, आणि मी तो गिळायचो. शेजारचे पेन्शनर कानावर हात धरून मला विचारत, "नागपुरात कुठं राहता?"

"मध्यभागी."

"मध्यभागी म्हणजे कुठं?"

"म्हणजे आमच्या घरापासून चहूकडे नागपूरच."

"उन्हाळा फार म्हणतात."

"फार. दुपारी सावल्यासुद्धा घरात येऊन बसतात."

त्यांनी मान डोलावली. मामी आतून खोकली. मी नागपूर आजतागायत पाहिलेलं नाही.

हे सगळं मी मजेनं सांगतोय, कारण मला दुसऱ्या तऱ्हेनं सांगता येत नाही. पण दुपारी चाळ निजायची तेव्हा मी खाटेवर बसून असायचो. गाठोडं समोरच्या फळीवर. आठवडाभरात रोजचं एक काम झालं, पोस्टमन दुरून दिसला की आत जाऊन बसायचं, म्हणजे त्यानं पास आल्याचं अण्णांचं कार्ड आणलं नाही हे त्याच्या तोंडून ऐकायला नको. स्टेशनवर गाडी थांबल्याचा आवाज घरापर्यंत यायचा. त्या गाडीत बसलं की थोड्याच वेळात डोंबिवली. बोटीवर असतो तर घर दूर आहे म्हणून रडलो असतो. इथं घर जवळ आहे आणि जायचं नाही, यावर रडायचं कसं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

मग तो दिवस आला. मामीनं मला रेशनला पिटाळलं होतं. खांद्यावर गव्हाची पिशवी टाकून जांभळी नाक्यावरून येत होतो. ऊन चढलेलं, अंगात तो आखूड सदरा, पायांत मामांच्या झिजलेल्या वहाणा. समोरच्या कापडाच्या दुकानातून दोन बायका उतरल्या. एक कल्याणच्या विहीणबाई. दुसरी आई.

लग्नाची पातळं घ्यायला त्या दोघी ठाण्याला आलेल्या. आईला मी ठाण्यात असल्याचं माहीत नव्हतं. तिच्या लेखी मी समुद्रात होतो. अण्णांनी "गेला" म्हटलं होतं, आणि अण्णा म्हणाले म्हणजे झालं. पळायला जागा नव्हती. एका बाजूला टांगा उभा, दुसऱ्या बाजूला केळीवाली. मी मान खाली घातली आणि चालत राहिलो.

"अगंबाई!" विहीणबाईंचा आवाज आला. "बघा तरी. तो पिशवीवाला. हुबेहूब तुमचा वसंता हो! नाक बघा नाक."

मी थांबायला नको होतं. थांबलो. आणि वर पाहिलं.

आईनं मला ओळखलं. हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेची किंमत काय ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी हे एक धरून चाला. मिशी नव्हती, सदरा दुसऱ्याचा होता, अंगावर धूळ होती. तिला डोळ्याची पापणी लवायलाही वेळ लागला नाही. तिच्या हातातलं पुडकं थोडं खाली घसरलं आणि तिनं ते परत काखेत घट्ट धरलं. मी इथं का आहे, कसा आहे, काय झालं असेल, शेजारी कोण उभं आहे, पुढल्या आठवड्यात काय आहे, या सगळ्याचा हिशेब तिनं तेवढ्यात करून टाकला. अण्णा सगळी हयात गणित शिकवत होते, पण असं गणित त्यांना जमलं नसतं.

"छे हो," आई म्हणाली. "नाक आहे थोडं तसं. पण माझा वसंता असा खाली मान घालून नाही चालत."

विहीणबाईंचं समाधान झालं नाही. "काय हो, तुम्ही कुठले?" त्यांनी मलाच विचारलं.

"नागपूरचा," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच.

"बघा," आई म्हणाली. "तो आता भर समुद्रात असेल. चला, शालूच्या आत्याचं पातळ राहिलंय अजून." आणि वळता वळता माझ्या खांद्याकडे पाहून म्हणाली, "अहो, पिशवी खालून उसवलीय तुमची. गहू सांडतायत."

ती मला 'अहो' म्हणाली.

त्या दोघी पुढच्या दुकानात गेल्या. आईनं मागं वळून पाहिलं नाही. मी रस्त्यावर उकिडवा बसून गहू गोळा करत राहिलो. केळीवाली म्हणाली, "राहू दे ना भाऊ, कोंबड्या खातील." मी एकेक दाणा उचलला. वर बघायचं नव्हतं, म्हणून त्याहून चांगलं काम मला तेव्हा सुचत नव्हतं. बंदरावर आख्ख्या बोटीसमोर माझी शोभा झाली, तेव्हाही मी घरी सांगायला गोष्ट रचायला लागलो होतो. ह्या वेळी रचायला काही नव्हतं. आईला भर बाजारात, स्वतःच्या पोराला परका म्हणावं लागलं, आणि ते तिनं इतकं चांगलं केलं की मला तोंड वर करवेना. अजूनही करवत नाही.

घरी आलो. मामीनं माझा चेहरा बघितला, पिशवी घेतली, आणि सुईदोरा काढून ती शिवायला बसली. त्या दिवशी तिनं मला मोंबासाकर म्हटलं नाही.

शालूचं लग्न डोंबिवलीला झालं. मामा-मामी सकाळच्या गाडीनं गेले, मी मामांच्या घराची राखण केली. तिथं चोरण्यासारखं एक तांब्याचं पिंप होतं. संध्याकाळी मामीनं बुंदीचे लाडू आणले, आणि विहीणबाईंनी पंगतीत माझी आठवण कशी काढली तेही सांगितलं. "आई काय म्हणाली?" मी विचारलं. मामी म्हणाली, "काय म्हणणार? तुझ्या वाटचं पान वाढून देवापुढं ठेवलं म्हणाली."

नवा पास लग्नानंतर आला. अण्णा स्वतः घेऊन आले. उशीर का झाला तेही कळलं. तिकडच्या कचेरीला जुन्या धन्याचा, म्हणजे कर्तारसिंगाचा, सोडल्याचा जबाब हवा होता, आणि तो कामासाठी आत कुठे तरी दूर गेलेला. जबाब अजूनही झालेला नव्हता. साहेबानं आपल्या वजनावर पास काढला होता, पण उतरताना चौकशी होईल असं कळवलं होतं. अण्णांनी फळीवरचं गाठोडं माझ्या हातात दिलं. ते खूष होते, त्यांच्या परीनं. म्हणाले, "घरी कोणाला काही कळलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही." मी त्यांच्या पाया पडलो. ते पाय मी जरा जास्त वेळ धरून ठेवले, कारण उठल्यावर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

ह्या खेपेला हार नव्हते. डेकवर पथारी पसरली आणि मोंबासापर्यंत मी कोणाला एकही गोष्ट सांगितली नाही. शेजारच्या कच्छी म्हाताऱ्यानं मला मुका समजून दोन दिवस खुणांनी जेवायला बोलावलं.

मोंबासाच्या किलिंदिनी बंदरात सगळे भराभर उतरले. माझ्यापाशी येऊन रांग अडली. टेबलामागं एक तरुण इंग्रज अधिकारी, बाजूला गोवेकर कारकून. पास नव्या धन्याच्या नावाचा, फायलीत नोकरी जुन्या धन्याच्या नावाची. "तिकडे बसा." पत्र्याच्या शेडमध्ये एक बाक होता. बोट दुसऱ्या दिवशी पुढे झांजिबारला जाणार आणि तिथून परत मुंबईला. तोवर कर्तारसिंग येऊन "सोडला" म्हणाला तर मी खाली, नाही तर मी बोटीसकट माघारी. कारकुनानं कोकणीमिश्रित मराठीत मला हळूच सांगितलं, "तुमचो सरदार कालच परत आयला. मनीस धाडलाय."

मी बाकावर बसून हिशेब केला. अर्धवट काम टाकून गेलेलो. त्याच्या इमारती दुसऱ्याला माझ्या म्हणून दाखवलेल्या. सरदारजी आला तर थोबाडीत मारील, आणि नाही आला तर त्याहून वाईट. परत मुंबई. परत कुठं? डोंबिवलीला जाता येत नाही. ठाण्याला, नागपूरचा होऊन, जन्मभर?

दुपार कलली तेव्हा तो आला. बुटांवर चुना, दाढीवर सिमेंट. सहा फूट उंच म्हणतात सगळे, पण शेडच्या पत्र्याला त्याची पगडी घासत होती, हे मी पाहिलंय.

"ओए डोंबिवली के राजा के बेटे!" तो दारातूनच ओरडला. "राजकुमार शेड में क्यों बैठा है?"

मी उभा राहिलो. डोंबिवलीच्या राजाचा मुलगा, ही माझीच जुनी थाप.

"बोलता नहीं? साब, ये वो आदमी नहीं है. मेरा वाला बोलता था."

अधिकाऱ्याला विनोदाशी कर्तव्य नव्हतं. त्यानं विचारलं, ह्याला तुम्ही नोकरीतून रीतसर सोडलंय का? कारण सोडलं नसेल तर नवी नोकरी धरता येत नाही.

सरदारजीनं माझ्याकडे पाहिलं. खरं उत्तर त्याला ठाऊक होतं आणि मलाही. मी 'जा' म्हणवून घेतलं होतं, निम्म्या भिंती उभ्या असताना.

"छोड़ दिया साब," तो म्हणाला. "मैंने ही छोड़ा. इतना बड़ा आदमी मेरे यहाँ क्या करता? सब बिल्डिंग इसी ने बनाई. मैं तो खाली चाय पिलाता था."

गोवेकर कारकून खाली बघून हसला. म्हणजे ती थाप सगळ्या बंदराला ठाऊक होती. अधिकाऱ्यानं जबाब लिहून घेतला, सही घेतली, आणि माझ्या पासपोर्टावर ठप्पा मारला. मी उतरलो. शेडच्या बाहेर सरदारजीला म्हटलं, "सरदारजी, माफ करो." तो म्हणाला, "माफ़ी-वाफ़ी छोड़. माँ को चिट्ठी डाल, पहुँच गया. माँएँ गिनती रहती हैं." आणि लॉरीत बसून निघून गेला.

त्या संध्याकाळी मी पत्र लिहायला बसलो. 'ती. आईस, सा. न.' एवढं झालं आणि लेखणी थांबली. प्रवास सुखाचा झाला, म्हणू? कुठला प्रवास? तिला माहीत आहे. मला माहीत आहे की तिला माहीत आहे. अण्णांना माहीत नाही, आणि पत्र अण्णाच वाचून दाखवतात. शेवटी 'सुखरूप पोचलो' एवढे दोनच शब्द लिहिले. माझं आयुष्यातलं सगळ्यात आखूड पत्र.

पुढची सुट्टी मिळाली तेव्हा शालूच्या मुलाचं बारसं होतं, आमच्याच घरी. घर माणसांनी भरलेलं. आई घुगऱ्या वाटत होती. तिनं मला दारात ओवाळलं होतं, केसांतून हात फिरवला होता, मिशी वाढवलीस ते बरं केलंस म्हणाली होती. ठाण्याचं नाव नाही. विहीणबाईंनी मला मधोमध बसवलं.

"वसंतराव, ते तुफान आता तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"कुठलं तुफान?"

"अहो, मागल्या खेपेचं! लग्नात आणि पुढं महिनाभर आम्हाला दुसरा विषय होता का? तुमचं पोचल्याचं पत्र येईना, सगळ्यांच्या जिवाला घोर. तुमच्या आईच धीर द्यायच्या. बोटीत पाणी शिरलं, बोट कुठल्याशा बेटाला लागली, दुरुस्तीला महिना गेला. कप्तान वाट चुकला तेव्हा तुम्ही त्याला नकाशा काढून दिलात, नकाशातलंच काम ना तुमचं! मग त्यानं तुम्हाला आपल्या टेबलाशी बसवून जेवू घातलं. हे सगळं बोटीवरच्या कोणाकडून तरी यांना कळलेलं म्हणे."

मी आईकडे पाहिलं. थापांचा मक्ता आमच्या घरात माझ्याकडे आहे असं मी समजत होतो. ही बाई आयुष्यात ठाण्याच्या पुढे गेलेली नाही. समुद्र तिनं पाहिला तो खाडीएवढा. महिनाभर तिनं मला त्यात तरंगत ठेवलं होतं, रोज थोडं पाणी घालून, म्हणजे पत्र का येत नाही हे कोणी विचारू नये आणि अण्णांनाही कळू नये की तिला कळलंय. अण्णा कोपऱ्यात पंचांग घेऊन बसले होते. बोट बेटाला लागली हे तिला कोणी सांगितलं, याचं त्यांना अजून नवल वाटत असावं.

आई घुगऱ्यांच्या वाट्या भरत होती. मान वर न करता म्हणाली, "सांग की रे. मी आपलं ऐकलेलं सांगितलं."

सगळे माझ्याकडे बघत होते. सिंह नको, हत्ती नको, फक्त हो म्हणायचं होतं.

"हो काकू," मी म्हटलं. "सगळं खरं. फक्त कप्तानाकडचं वरण फार पातळ होतं."

घर हसलं. आईसुद्धा हसली. तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती उठली आणि घुगऱ्यांचं पातेलं घेऊन आत गेली. पातेलं अर्धं भरलेलं होतं. बराच वेळ बाहेर आली नाही.

आता मोंबासात माझं बरं चाललंय. दाराशी नारळ आहेत, बाजारात मोगो नावाचा कंद मिळतो, जो उकडून मीठ लावला की आपल्या कणग्यांसारखा लागतो, आणि भाजीवाला मला नावानं हाक मारतो. पासाची कटकट संपली. घर कुठलं, असं कोणी विचारलं तर मी डोंबिवली म्हणतो, आणि दोन-तीन वर्षांनी तिथं जाऊन येतो. त्या घरात मला सगळं मिळतं, ओवाळणं, पहिलं ताट, खिडकीजवळची जागा. एक तेवढं मिळालेलं नाही. 'तू मला ओळखलंस' हे मला आईला म्हणता आलेलं नाही, आणि 'मी तुला ओळखलं' हे तिनंही म्हटलेलं नाही. त्याऐवजी ती दर खेपेला तुफान थोडं वाढवते. गेल्या खेपेला त्यात एक देवमासा आला. मी मान डोलावून देवमाशाची लांबी सांगितली.

मोंबासाच्या धक्क्यावर मी केव्हाच उतरलो. आईच्या त्या बोटीवरून अजून उतरायचा आहे.